फातोर्ड्याला आंतरराष्ट्रीय फुटबॉल बघायला जायचंय? आधी परतीचं ठरवा

विश्वचषकातला फुटबॉल बघायला रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला पासपोर्ट काढावा लागत नाही. मडगावला लागून असलेल्या फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम सावंतवाडीपासून रस्त्याने नव्वदेक किलोमीटरवर आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या मैदानात सुमारे १९ हजार माणसं बसतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात इराणने जर्मनीला ४-० असं इथेच धुतलं. याच मैदानावर इंग्लंडच्या रियान ब्रूस्टरने उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामनेही इथलेच. आपल्याकडच्या बऱ्याच फुटबॉलवेड्यांनी हे सगळं घरी टीव्हीवर पाहिलं, कारण एकच: रात्री परत यायचं कसं? म्हणून तयारी तिथूनच सुरू करू.

(खेड-चिपळूणच्या वर राहणाऱ्यांना नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम जास्त सोयीचं. २०२२ च्या त्याच स्पर्धेचा अंतिम सामना तिथे झाला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. कोकण रेल्वेने पनवेलला उतरायचं आणि हार्बरची लोकल पकडून नेरूळ गाठायचं. पुढचं सगळं फातोर्ड्याबद्दल.)

१. परतीचं गणित

२०१७ मध्ये सामने संध्याकाळी पाच आणि रात्री आठला होते. आठचा सामना संपायला दहा वाजतात. १७ वर्षांखालील स्पर्धेत बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ न देता थेट पेनल्टी घेतात. २०२२ ला कोलंबिया-नायजेरिया उपांत्य सामना असाच गोलशून्य राहून पेनल्टीवर गेला. मोठ्यांच्या स्पर्धांत त्याआधी अर्ध्या तासाची भर पडते. म्हणजे बाहेर पडेपर्यंत अकरा धरून चाला. मडगावहून मुंबईकडे सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस तोवर कधीच निघून गेलेली असते.

मग उरतात दोन मार्ग. पहिला, आणि माझ्या मते खरा: रात्र मडगावात काढायची आणि सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने परत यायचं. ती सावंतवाडी, कुडाळ, कणकवली करत रत्नागिरीकडे जाते. दुसरा मार्ग स्वतःच्या गाडीचा. चार-पाच जण असाल आणि त्यातल्या एकाने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही असं घरूनच ठरलं असेल, तरच तो निवडा. ‘बघू, काहीतरी मिळेल’ म्हणून निघालेला माणूस पहाटेपर्यंत स्टेशनच्या बाकावर डास मारत बसतो.

राहायला मडगाव शहरातलंच लॉज घ्या. कोलव्याला समुद्र आहे म्हणून तिकडे पळू नका. समुद्र आपल्याला घरी आहे, आणि रात्री अकरानंतर कोलव्याला जायला टॅक्सीवाल्याशी घासाघीस करावी लागेल ती वेगळीच. आरक्षित तिकीट असेल तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचंही आधी बघून ठेवा.

२. रेल्वेचं आरक्षण

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. वरच्या दोन्ही विश्वचषक स्पर्धा ऑक्टोबरात झाल्या आणि ऑक्टोबरात कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक चालू असू शकतं. कित्येक वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. या काळात गाड्यांचा वेग कमी असतो, वेळा बदललेल्या असतात आणि काही गाड्या आठवड्यात कमी दिवस धावतात. उन्हाळ्यात मे महिन्यात गेला होतात तेव्हाची वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर जाऊ नका, त्या तारखेची वेळ बघा.

मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तेजस या मडगावपर्यंत जातात. तुतारी आणि दिवा पॅसेंजर सावंतवाडीलाच संपतात, तिकडून पुढे तुमचं तुम्ही. वंदे भारत कणकवलीला थांबते, पण कुडाळ-सावंतवाडीला नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडरात दिवाळीही बघा. ऑक्टोबरात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी असतेच, शिवाय गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुराचे पुतळे निघतात, ढोलताशे, डीजे आणि वाटेत अडलेल्या गाड्या. २०१७ ला इराण-मेक्सिको आणि माली-इराक हे सामने नेमके त्याच संध्याकाळी, १७ ऑक्टोबरला, फातोर्ड्यात होते. नरकासुर बघायचा असेल तर दुधात साखर. पण पहाटेपर्यंत गाडीने घरी पोचायचं असेल तर ती रात्र टाळा.

३. सामन्याचं तिकीट

आयोजकांनी जाहीर केलेल्या अधिकृत ठिकाणीच घ्या. कुणा दोस्ताच्या दोस्ताकडे ‘जास्तीचं’ तिकीट आहे, असा मेसेज आला तर सोडून द्या. सगळ्यांची तिकिटं एकाच्याच मोबाइलमध्ये असतील तर ज्याची त्याला आधीच पाठवून ठेवा. नाहीतर तो एक जण ट्रॅफिकमध्ये आणि बाकीचे गेटबाहेर, असं होतं.

एखाद्या खेळाडूच्या नावावर तिकीट काढू नका. २२ ऑक्टोबर २०२५ ला एफसी गोवा आणि सौदीचा अल नासर यांचा आशियाई क्लब स्पर्धेतला सामना इथे झाला. रोनाल्डो येणार म्हणून केवढी हवा, आणि तो भारतात आलाच नाही. अल नासर २-१ जिंकला, पण फुटबॉल बघायला गेलेल्यांचे पैसे वसूल झाले, कारण गोव्याने चांगली झुंज दिली. तरुणांच्या विश्वचषकात तर निम्मी नावं आपल्याला माहीतच नसतात, आणि मजा त्यातच आहे.

पाचचा सामना असेल तर पश्चिमेच्या बाजूची जागा घ्या, ऊन पाठीशी राहतं. आठच्या सामन्याला कुठेही बसा. गोलपोस्टच्या मागची तिकिटं सहसा स्वस्त असतात, पण पलीकडच्या गोलजवळ काय चाललंय ते तिथून नीट कळत नाही. पहिल्यांदाच जात असाल तर थोडे जास्त पैसे मोजून मधल्या भागात बसावं. टीव्हीवर कधीच दिसत नाही ती गोष्ट तिथून दिसते: चेंडू नसलेले खेळाडू काय करतात.

४. पिशवी भरताना

जितकी लहान तितकी बरी, खरं तर नसलेलीच बरी. आपल्याकडच्या मोठ्या मैदानांत पाण्याची बाटली, लायटर, छत्री, काठीचा झेंडा बहुतेक अडवतात, पॉवर बँकही अनेक ठिकाणी चालत नाही. त्या स्पर्धेची यादी वाचून घ्या आणि फोन गाडीतच पूर्ण चार्ज करा. मोटारसायकलने जाणाऱ्यांनी हेल्मेटचा विचार आधी करावा. गोव्यात ते डोक्यावर हवं आणि गेटवर ते आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे गाडीला कुलूप लावून अडकवायची साखळी सोबत असू द्या.

छत्री नाही म्हणजे रेनकोट हवा, घडी करून खिशात मावेल असा पातळ. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडत येतो. २४ ऑक्टोबर २०१० ला भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय क्रिकेट सामना याच मैदानावर पावसामुळे एकही चेंडू न पडता रद्द झाला होता. फुटबॉल इतक्या सहज थांबत नाही, पण घरून निघताना आभाळ निरभ्र होतं, एवढ्यावर विसंबू नका. कपडे सुती. आपल्याला उकाडा नवा नाही, तरी हजारो माणसांत बसल्यावर तो दुप्पट लागतो.

५. मडगावात पोचल्यावर

रेल्वे स्टेशनपासून मैदान तीनेक किलोमीटर. एकटे असाल तर पायलट घ्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. तिचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं. भाडं बसण्याआधी ठरवायचं. एसटीने किंवा पणजीहून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने आलात तर मडगावचा मोठा बसस्टँड फातोर्ड्याच्याच बाजूला आहे, तिथून चालत जाता येतं. स्वतःची चारचाकी मैदानाच्या अगदी जवळ नेण्याचा हट्ट नको. लांब लावलेली गाडी नंतर लवकर सुटते.

जेवण आधी उरका. आत मिळतं ते महाग आणि साधं. संध्याकाळी मडगावात गाड्यांवर रोस ऑम्लेट मिळतं, कोंबडीच्या मसालेदार रश्श्यात बुडालेलं ऑम्लेट आणि सोबत पाव. शाकाहारी असाल तर पातळ भाजी-पाव. एकाच तिकिटावर दोन सामने असले तर पाचच्या आधी पोट भरणं जास्तच गरजेचं. सामना सुरू होण्याच्या दीड तास आधी गेटवर असा. तपासणीची रांग शेवटच्या अर्ध्या तासात एकदम फुगते.

६. आत, आणि नंतर

आजूबाजूच्या लोकांशी बोला. गोव्यात फुटबॉल पिढ्यान् पिढ्या गावच्या मैदानावर खेळला जातो. शेजारी बसलेले आजोबा कदाचित तरुणपणी आपल्या गावाच्या क्लबसाठी खेळलेले असतील आणि ऑफसाइड तुम्हाला टीव्हीवरच्या समालोचकापेक्षा बरा समजावतील. आपली मालवणी त्यांच्या कोंकणीजवळ सहज पोचते, संकोच करू नका.

शिट्टी वाजली की उठून पळू नका. पंधरा-वीस मिनिटं जागेवरच बसलात तर गेटवरची चेंगराचेंगरी टळते. लहान मुलं बरोबर असतील तर हे पाळाच, आणि मूल चुकलंच तर कुठे उभं राहायचं ते आत शिरतानाच त्याला दाखवून ठेवा.

रात्रीच गाडीने निघणार असाल तर पणजी-म्हापसा-पत्रादेवीमार्गे बांद्याकडे या. गोव्यातली दारू गाडीत घालून आणायचा मोह आवरा, इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते आणि विनापरवाना बाटली सापडली की सामन्याचा आनंद पोलीस स्टेशनात जिरतो. पुढे महामार्गावर मध्यरात्रीनंतर गुरं बसलेली असतात, काळी गाय तर दिव्यात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. तेवढ्या टप्प्यात वेग साठच्या आत ठेवा, आणि शेजारी बसलेल्याला झोपू देऊ नका.