कमी पाण्यातल्या कलिंगडासाठी दुधीवरचं कलम

कलमी रोपाला, म्हणजे खाली दुधीचं मूळ आणि वर कलिंगडाचा वेल अशा रोपाला, पाणी कमी लागतं, असं धरून चालू नका. पानं तेवढीच आणि ऊन तेवढंच, मग पानांतून उडणारं पाणीही तेवढंच. दुधी किंवा संकरित भोपळ्याचं मूळ मात्र कलिंगडापेक्षा खोल आणि लांब जातं, त्यामुळे वरचा थर सुकला तरी वेल खालची ओल उचलतो. फुटाभरावर मुरूम किंवा कातळ लागत असेल तर या खर्चात पडू नका. तिथे मल्चिंग (जमिनीवर आच्छादन) आणि ठिबकच कामाचं. याउलट खोल जमीन, मार्चनंतर आटणारी विहीर आणि त्यात मर रोगाचा (मातीतल्या बुरशीने वेल सुकण्याचा) इतिहास असेल, तर कलम फायद्याचं. जपानमध्ये 1920 च्या दशकात कलिंगडाचं कलम सुरू झालं, तेही मर रोगासाठीच. बोअरचं पाणी खारट असेल तर भोपळ्याचा खुंट (मुळाकडचं रोप) जास्त तग धरतो, पण त्यावरचं फळ थोडं कडक गराचं निघू शकतं. सुरुवात दुधीवर करा.

जानेवारीअखेर लागवड धरली तर दुधी साधारण महिनाभर आधी टाकावा लागतो. बी रात्रभर भिजवून 50 कपांच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर लावा. 98 कपांच्या ट्रेमध्ये दुधीची पानं एकमेकांवर चढतात. कलिंगडाचं बी त्यानंतर 5 ते 7 दिवसांनी वेगळ्या ट्रेमध्ये दाट टाकलं तरी चालतं, कारण त्याची मुळं आपल्याला नकोच आहेत. दुधीला पहिलं खरं पान डोकावतंय आणि कलिंगडाची दोन बीजदलं (बियांतून निघणारी पहिली जाड पानं) नुकती उघडलीत, ही वेळ कलमाची. दुधी यापुढे गेला की देठ आतून पोकळ होत जातो, आणि पुढची निम्मी डोकेदुखी त्या पोकळीतूनच येते.

ट्रेला पाणी आदल्या दिवशी द्या. कलमाआधी लगेच दिलं तर खुंटाला पाझर सुटतो आणि वरचं रोप बाहेर ढकललं जातं. काम सावलीत, वारा नसलेल्या जागी. लागणारं सामान थोडं: नवं दाढीचं ब्लेड, स्पिरिट, आणि कलिंगडाच्या देठाएवढ्या जाडीची, टोकाला एका बाजूने तासलेली बांबूची काडी.

दुधीचं खरं पान आणि शेंडा काडीने बुडापासून खरवडून काढा, दोन्ही बीजदलं मात्र शाबूत ठेवा. सांधा जुळेपर्यंत रोप त्यांच्यावरच जगतं. आता एका बीजदलाच्या बुडाशी काडी टेकवून समोरच्या बीजदलाच्या खालच्या दिशेने तिरपी, अंदाजे 45 अंशांत घुसवा. पलीकडे बोट लावून ठेवा. टोक सालीखाली बोटाला जाणवलं की थांबा. साल फाटता कामा नये. काडी तशीच राहू द्या. कलिंगडाचं रोप बीजदलांच्या खाली सुमारे दीड सेंटिमीटरवर कापून देठाला दोन्ही बाजूंनी 7 ते 10 मिलिमीटरची पाचर करा. काडी उपसा आणि लगेच पाचर बसवा, कलिंगडाची बीजदलं दुधीच्या बीजदलांना आडवी येतील अशी. भोक घट्ट असेल तर क्लिप लागत नाही.

काडी सरळ खाली गेली तर ती मधल्या पोकळीत उतरते. असं रोप मरत नाही, हीच फसगत. कलिंगड पोकळीतून स्वतःची मुळं खाली सोडतं, रोप हिरवंगार दिसतं, आणि शेतात गेल्यावर ते बिनकलमीच निघतं. शंका आली तर एखादं रोप उभं चिरून बघा.

कलम झालेले ट्रे कामट्यांवर प्लास्टिक टाकलेल्या बोगद्यात ठेवा. जमीन आधी ओली करून घ्या, पण सांध्यावर फवारा नको. पहिले 3 दिवस बोगदा बंद, वर काळं कापड, तापमान 25 ते 30 अंश, हवा दमट. जानेवारीच्या थंड रात्री वरून गोणपाट घाला. दुपारी उघड्या उन्हात मात्र हेच प्लास्टिक रोपं उकडून काढतं, म्हणून बोगदा शेडनेटखालीच हवा. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास उघडायचं आणि वेळ वाढवत न्यायची. रोपं माना टाकायला लागली की परत झाका. आठव्या-दहाव्या दिवशी कलिंगडाला नवं पान हललं की सांधा जुळला. दुधीचे फुटवे दर दोन दिवसांनी खुडा, नाहीतर वेल दुधीचाच होतो. पुढे आठवडाभर शेडनेटमध्ये रोपं कणखर करून घ्या.

लागवडीत सांधा मातीच्या वर किमान दोन बोटं राहिलाच पाहिजे. मजूर सवयीने रोप खोल दाबतात. मातीला टेकलेल्या सांध्यातून कलिंगडाची मुळं फुटतात आणि मर परत येते. कलमी वेल पसरतो, म्हणून 6 फुटांच्या अंतरावरच्या गादीवाफ्यांवर दीडऐवजी अडीच फुटांवर रोप ठेवा: एकरी सुमारे 4,840 ऐवजी 2,900. रोपाचा जास्तीचा खर्च निम्माअधिक इथेच भरून निघतो. नत्र सुरुवातीला चौथा हिस्सा कमी द्या, नाहीतर नुसता पाला माजतो आणि फुलं उशिरा येतात.

पहिले 8-10 दिवस ओल ठेवा. मग रोजचं थोडं-थोडं ठिबक बंद करा. दोन पाळ्यांतलं अंतर वाढवत न्या आणि प्रत्येक पाळी फूटभर खोल भिजेल एवढी द्या. रोजच्या घोटभर पाण्यावर दुधीचं मूळही वरच लोळतं. फळधारणा आणि फळ फुगण्याच्या काळात मात्र ताण नको. त्या वेळी पाणी तोडून नंतर एकदम सोडलं की फळं तडकतात. विहिरीत जे शिल्लक असेल ते याच 3-4 आठवड्यांसाठी राखून ठेवा.

दुधीचं मूळ सूत्रकृमींना (मुळांवर गाठी आणणारे मातीतले बारीक किडे) बळी पडतं, तेव्हा मागच्या पिकाच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील तर ते रान सोडा. फळ तयार व्हायला बिनकलमीपेक्षा काही दिवस जास्त लागू शकतात. तारीख न मोजता फळाजवळचा तणावा (वेलाचा गुंडाळणारा तंतू) वाळलाय का आणि जमिनीकडची बाजू पिवळी झालीय का, ते पाहून तोडा.