कलिंगड-पनीरच्या सॅलडची आदल्या दिवसापासूनची तयारी

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत दुपारच्या जेवणात कलिंगड आणि पनीरचे सॅलड ठेवायचे असेल, तर बहुतेक कामे आदल्या संध्याकाळीच उरकावीत. कारण या पदार्थाला चूल फारशी लागत नसली, तरी त्यातला प्रत्येक जिन्नस गार आणि निथळलेला असावा लागतो, आणि ते ऐनवेळी साधत नाही. पुढील प्रमाण सहा माणसांचे आहे.

सुरुवात पनीरपासून करावी. विकतचे चालते, परंतु म्हशीचे ताजे दूध मिळत असेल तर ते घरीच करावे, असे माझे ठाम मत आहे, कारण या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने पनीर भरीव आणि तरीही मऊ होते; आपल्या जिल्ह्यात तर पंढरपुरी म्हशीच आहेत. एक लिटर दूध उकळल्यावर आच बंद करून मिनिटभर थांबावे आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून, हिरवट निवळी सुटेपर्यंत थोडाथोडा घालावा. मलमलच्या फडक्यात गाळून, लिंबाचा आंबटपणा जाण्यासाठी त्यावर पिण्याचे गार पाणी ओतावे, पुरचुंडी बांधून तासभर वजनाखाली ठेवावी आणि निवळी कणकेसाठी राखावी. ग्रीसमध्ये अशा सॅलडसाठी वापरले जाणारे फेटा हे मेंढीच्या, कधी थोडे शेळीचे मिसळलेल्या, दुधाचे चीज मिठाच्या पाण्यात मुरवतात. तो खारटपणा आपल्या पनीरला हवा असेल, तर उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पनीरचे तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये बुडवून ठेवावेत. कलिंगडाच्या गोडीपुढे अळणी पनीर अगदीच फिके पडते, म्हणून ही पायरी गाळू नये.

कलिंगड लक्ष्मी मंडईतून सकाळीच आणावे. फळ आकाराच्या मानाने जड असावे आणि जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरट नव्हे, पिवळसर असावा. साधारण दोन किलोचे फळ पुरे होते. अख्खे फळ आधी धुवावे, कारण सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. साठवणीचे पाणी वापरत असाल, तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याने फिरवावा. नंतर ते अख्खेच फ्रीजमध्ये ठेवावे.

डाळिंब मात्र आदल्या दिवशी सोलले तरी चालते, कारण अखंड दाण्याला पाणी सुटत नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले सोलापूरचे डाळिंब बाजारात असताना दुसरीकडचे शोधण्याचे कारण नाही. एक मोठे फळ पुरते. अननस आणि पपई टाळावी. त्यांतील पाचकरसांमुळे दुधातील प्रथिने तुटतात आणि पनीर काही वेळाने कडवट लागते. द्राक्षे किंवा खरबूज चालेल.

पुदिन्याची मूठभर पाने निवडून, धुऊन, कोरड्या फडक्यात गुंडाळावीत. अर्धी वाटी शेंगदाणे भाजून, साले काढून जाडसर भरडावेत. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ताजी मिरपूड डबीत भरून ठेवावी.

वाढण्यापूर्वी अर्धा तास कलिंगड चिरावे, बिया काढाव्यात आणि फोडी चाळणीत निथळत ठेवाव्यात. एक काकडी चिरून त्यांतच मिसळावी. कलिंगडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि मीठ लागताच ते बाहेर येते, म्हणून पाहुणे पानावर बसल्यावरच दोन चमचे लिंबाचा रस, एक चमचा घाण्याचे शेंगदाणा तेल, जिरेपूड आणि मिरपूड फोडींवर घालून हलक्या हाताने कालवावे. पनीर मिठाच्या पाण्यातून काढून, टिपून वरून पसरावे. त्यानंतर डाळिंबाचे दाणे, पुदिना आणि अगदी शेवटी शेंगदाण्याची भरड. वेगळे मीठ चव पाहूनच घालावे, बहुधा लागत नाही. या उष्म्यात चिरलेली फळे आणि पनीर तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नयेत, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर भांडे बर्फाच्या परातीत ठेवूनच वाढावे.