मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला? या चुका टाळा

"आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे. मुलांना एकटं सोडू नका. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा." हा मेसेज अधूनमधून पुन्हा डोकं वर काढतो. मजकूर तोच असतो, गावाचं नाव तेवढं बदलतं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागायला आले होते. बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसं. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा त्या भागात आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. त्याच दिवशी मालेगावात लहान मुलासह एका कुटुंबाला अशाच जमावाने घेरलं होतं. पोलिसांनी त्यांची कशीबशी सुटका केली.

म्हणून पहिली चूक सगळ्यात महागाची: "खरं असो वा नसो, सावध केलेलं बरं." लेकरांच्या काळजीपोटीच आपण हे पाठवतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या मेसेजची झळ कोणाला लागते ते बघा. भिक्षेकरी, फेरीवाले, परप्रांतीय मजूर, वाट चुकलेले मनोरुग्ण. गावात अनोळखी दिसणारा प्रत्येक माणूस संशयित ठरतो. खोटी सूचना पाठवून कोणाचं नुकसान होत नाही, हा समज मनातून काढून टाकायलाच हवा.

दुसरी चूक, "व्हिडिओ आहे म्हणजे खरंच असणार." २०१८ मध्ये देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवून पाहा. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. हा व्हिडिओ कराचीचा होता आणि चक्क जनजागृतीसाठी बनवलेला होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. त्याच काळात ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांची दृश्यंही "अवयव काढून घेतले" म्हणून फिरवली गेली. ती होती सीरियातल्या घूता भागात २०१३ साली झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्याची.

दोन्ही दृश्यं खरोखर चित्रित केलेली होती, खोटी होती ती त्यांच्यासोबत लिहिलेली माहिती. तेव्हा व्हिडिओ बनावट आहे का, एवढंच विचारून भागत नाही. कुठला आणि कधीचा, हे शोधावं लागतं. त्यासाठी व्हिडिओ एखाद्या स्पष्ट दृश्यावर थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणारी सोय) टाका. जे सापडेल त्यातली सगळ्यात जुनी तारीख बघा. "काल आपल्या तालुक्यात" घडलेली घटना पाच वर्षांपूर्वीच्या परदेशी बातमीत दिसली की विषय मिटला. काहीच सापडलं नाही, तर मात्र ते खरं ठरत नाही; फक्त तपास अपुरा राहिला, इतकाच त्याचा अर्थ.

"तीन ग्रुपवर आलंय" हाही पुरावा नव्हे. तिन्हीकडे एकाच ठिकाणाहून आलेलं असू शकतं. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून फिरत आलाय असं समजा. पाठवणाऱ्याला सरळ विचारा, "काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मलाही असंच आलं."

आणि इथेच पुढची चूक होते. काकांना चारचौघांत खोटं पाडलं की ते मेसेज सोडून आपली बाजू सावरायला लागतात. त्यांना आधी खासगीत कळवा, पुरावा दाखवा आणि ग्रुपवर दुरुस्ती त्यांनाच टाकू द्या. मेसेज मात्र तापलेला असेल, गावात लोक जमायला लागले असतील, तर मानापमान बघत बसू नका. लगेच ग्रुपवर लिहा.

चुकून आपणच पुढे पाठवलं असेल, तर नुसतं डिलीट करून थांबू नका. "सर्वांसाठी डिलीट" केलं तर आपल्या ग्रुपमधून मेसेज पुसला जातो, पण तोवर इतरांनी पुढे पाठवलेला तसाच फिरत राहतो. जिथे जिथे पाठवला तिथे स्पष्ट लिहा: "सकाळी पाठवलेला व्हिडिओ आपल्याकडचा नाही, कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिकडेही कळवा." मूळ व्हिडिओ पुन्हा जोडू नका. दाखवायचाच असेल तर स्क्रीनशॉटवर मोठ्या अक्षरात "खोटं" लिहून दाखवा.

राहिला प्रश्न खऱ्या संशयाचा. कोणी अनोळखी माणूस मुलांभोवती घोटाळताना दिसला, तर ११२ वर फोन करा, गावात असाल तर पोलीस पाटलांना सांगा. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आणि त्याच्याभोवती माणसं जमायला लागली, तर पोलिसांना आणखी एक फोन त्या माणसाला वाचवण्यासाठी करा. पोलीस येईपर्यंत दोन-चार जाणती माणसं त्याच्या बाजूला उभी करा.