यंत्राला कान नसतात : साथीचं सॉफ्टवेअर वापरताना या चुका टाळा

लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात पेटीवर बोटं फिरवणारा माणूस अजून गावोगाव सापडतो, पण तबल्याला माणूस मिळवणं म्हणजे ऐन लग्नसराईत मंगल कार्यालय मिळवण्यासारखं झालंय. पोरं शिकतात, हात जरा बसला की पुण्याला कामाला जातात. मग भजनी मंडळ असो, शाळेचं गॅदरिंग असो की गणपतीपुढचा गाण्याचा कार्यक्रम, तबलजीच्या जागी एक मोबाईल नाहीतर लॅपटॉप येऊन बसतो. माझा त्याच्यावर राग नाही. पहाटे रियाजाला बसतो, चहा मागत नाही, मानधनावरून रुसत नाही, दुसऱ्या मंडळात जाऊन आपली उणीदुणी काढत नाही. खोट एवढीच की त्याला कान नाहीत. गाणारा काय करतोय ते त्याला कळत नाही आणि कळायचंही नाही. लोकांची फजिती होते ती बहुतेक वेळा एवढं विसरल्यामुळे.

तीन जातींची गल्लत

‘तबल्याचं ॲप’ म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. एक म्हणजे तानपुरा-तबल्याचं ॲप. त्यात ताल, लय आणि पट्टी (गाण्याचा ‘सा’ किती उंच ते) निवडायची, ठेका आवर्तनामागून आवर्तन चालू राहतो. दुसरं म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) टाईप केले की बेस, ड्रम, गिटार, पियानो असा सगळा वाद्यवृंद स्वतः रचून देणारं सॉफ्टवेअर. यातलं सगळ्यांत नावाजलेलं ‘बँड-इन-अ-बॉक्स’, कॅनडातल्या पीजी म्युझिक कंपनीनं १९९० साली आणलेलं. तिसरा प्रकार तयार ट्रॅकचा, ज्याला आपण सरसकट कराओके म्हणतो.

अभंगाला पहिलं वापरावं, भावगीताला किंवा सिनेमाच्या चालीच्या गाण्याला दुसरं, आणि गाणं अगदी मूळ लांबीचं, मूळ पट्टीतच गायचं असेल तर तिसरं. गल्लत झाली की काय होतं ते ऐकायचं असेल तर एखाद्या गॅदरिंगला जा. गवळणीमागे ड्रमसेट धडधडत असतो आणि पोरगी बिचारी गात असते.

दुसऱ्या प्रकारात आपला तबला का सापडत नाही, असं बरेच जण विचारतात. इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी मिडी पद्धत १९८३ ची. तिच्यावर १९९१ साली ‘जनरल मिडी’ नावाची १२८ आवाजांची ठरावीक यादी आली. त्या यादीत सतार आहे, शहनाई आहे, जपानी ताइको ढोलसुद्धा आहे. तबला नाही! तालवाद्यांच्या वेगळ्या यादीत बोंगो-कोंगो आहेत, तिथेही तबला नाही. त्यामुळे अशी मिडी फाईल साध्या कीबोर्डवर वाजवली की ठेका बोंगोवर ऐकू येतो. त्यात बिघाड काही नाही. तबल्याचे आवाज वेगळे भरावे लागतात, नाहीतर ठेका ॲपमधून आणि बाकीची वाद्यं सॉफ्टवेअरमधून, अशी वाटणी करावी लागते.

पट्टी

कार्यक्रमाच्या दिवशी गाणाऱ्याला पट्टी विचारू नका, आदल्या दिवशी गाऊन घ्या. पुरुष ‘काळी दोन’ (पेटीची दुसरी काळी पट्टी) सांगतो आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला पोचला की डोळ्यांत पाणी येतं. पट्टी बदलायला मिडीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला काहीच त्रास नाही, हवी तेवढी वर-खाली करा. ध्वनिमुद्रित ट्रॅक मात्र दोन-तीन सुरांपलीकडे सरकवला की तबल्याचा डबा होतो आणि बासरीची शिट्टी.

दुसरी भानगड पेटीची. सॉफ्टवेअरचा मधला ‘ध’ म्हणजे पांढरी सहा ४४० हर्ट्झवर धरलेली असते. आपली पेटी तशी असेलच असं नाही. पेटीचे सूर घासून लावावे लागतात, ते काम मांडवात होत नाही. म्हणून पेटीला सॉफ्टवेअरकडे ओढू नका, सॉफ्टवेअरला पेटीकडे न्या. सेटिंगमध्ये ‘ट्यूनिंग’ किंवा ‘फाईन ट्यून’ असतं. पेटीचा षड्ज धरून ठेवा, तानपुरा चालू करा आणि दोघांमधली थरथर बंद होईपर्यंत आकडा हलवा. सोबत खरा तबला असेल तर हे शेवटी तपासा. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा बेचाळीसच्या पुढे गेला की चामडं सुकून ताणतं आणि तबला चढतो, पावसाळी हवेत तोच उतरतो. ॲप मात्र बारा महिने एकाच सुरात, त्यामुळे दोष कुणाचा यावर वाद घालू नये.

ठेका: इथं सगळ्यात जास्त घोळ

अभंगाला सरळ केरवा लावणं ही नेहमीची चूक. मात्रा आठच, म्हणून चालतंय असं वाटतं. पण भजनी ठेक्यात ‘धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ’ अशा मोकळ्या जागा आहेत, आणि अभंगाचा डौल त्या मोकळ्या जागांत आहे. केरवा त्या भरून टाकतो. टाळकरी अडखळतात, मग म्हणतात, ‘मशीन पळायलंय.’ मशीन पळत नसतं, जागा बुजलेल्या असतात. ॲपच्या तालांच्या यादीत खाली-खाली जा, भजनी ठेका बहुतेक ठिकाणी असतो.

लयीचा आकडा हा दुसरा घोळ. आठ मात्रा सॉफ्टवेअर चार ठोक्यांच्या एका बारमध्ये कोंबतं की दोन बारमध्ये पसरतं, त्यावर तोच ठेका ७० ला बसतो नाहीतर १४० ला. आकडा पाठ करून उपयोग नाही. मुखडा गुणगुणत ‘टॅप’च्या बटणावर बोटानं मात्रा द्या, ते स्वतः आकडा काढतं. ठेका दुप्पट किंवा निमपट वाटला तर गाण्यात खोट शोधू नका, हिशोब मात्रांचा की बारचा एवढं बघा.

सहा मात्रांच्या दादऱ्याला वॉल्ट्झची (पाश्चात्य नाचाची, तीन ठोक्यांची) शैली लावली तर दर तीन मात्रांवर सारखाच ठोसा बसतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ‘काल’ (डग्गा न घुमणारी जागा) आहे, तिथं हलकं व्हायला हवं. सहा-आठची (६/८) शैली निवडा. रूपक तर या सॉफ्टवेअरना झेपतच नाही. त्यांच्या बहुतेक शैली चार नाहीतर तीन ठोक्यांच्या, आणि पहिल्या ठोक्यावर मोठा ढोल. रूपकात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘काल’वरच असते, ‘तीं तीं ना धी ना धी ना’, समेवर डग्गा घुमतच नाही. तीन अधिक चार असे बार जोडून सात मात्रा करता येतात, पण पहिल्यावरचा तो ढोल हातानं काढावा लागतो. इतका खटाटोप करण्यापेक्षा रूपक तबल्याच्या ॲपवर सोडावा हे बरं.

सुरुवातीचे चार ‘टक-टक’ ठोके ऐकून गायला लागू नका. नरसीपासून पैठणपर्यंत कुठल्याही बुवांना ऐका, मुखडा समेच्या आधी उचलला जातो. चार ठोक्यांत ती उचल मावत नाही. सुरुवातीला एक अख्खं आवर्तन नुसत्या ठेक्याचं ठेवा आणि त्यात मुखडा उचला.

कॉर्ड आणि राग

हल्ली स्वतःहून कॉर्ड सुचवणारी सॉफ्टवेअर आलीत. त्यांचं पाठांतर पक्कं असतं: सा, म आणि प या तीन सुरांवरचे कॉर्ड. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चालतं. पण चाल यमनची असेल तर ‘म’चा कॉर्ड म्हणजे शुद्ध मध्यम, आणि गाणारी तीव्र मध्यमावर उभी. दोघांची टक्कर शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळते, फक्त त्याला नाव सांगता येत नाही. तिथं ‘रे – तीव्र म – ध’ हा कॉर्ड टाका, प्रश्न मिटला. भैरवमध्ये पंचमावरचा नेहमीचा कॉर्ड शुद्ध रिषभ घेऊन येतो, तो चालणार नाही. ‘कोमल रे – म – कोमल ध’ किंवा ‘म – कोमल ध – सा’ वापरा. भूपात पंचमाच्या कॉर्डमधला निषाद काढा, नुसते प आणि रे पुरतात.

माझा आवडता अपघात मालकंसातला. मालकंसात पंचम वर्ज्य. आपण तानपुराही पंचमाऐवजी मध्यमाला लावतो. आणि हे सॉफ्टवेअर? त्याचा बेस गिटारवाला सवयीनं ‘सा-प, सा-प’ करत हिंडतो. गायक डोळे मिटून आलाप घेतोय, खाली कुणीतरी इमानेइतबारे पंचम वाजवतंय. षड्जाचा कॉर्ड मायनर करूनही तो जात नाही, कारण त्या मायनर कॉर्डमध्येही पंचम बसलेला असतो. बेस बंद करा, नाहीतर मध्यमाचा आणि कोमल धैवताचा कॉर्ड फिरवत ठेवा. खरं तर मालकंसाला नुसता तानपुरा द्या. त्या रागानं तुमच्याकडं गिटार मागितलेलं नाही.

सगळे स्वर बरोबर असूनही काहीतरी टोचतंय असं वाटतं, तेव्हा बघायची जागा गंधार. तानपुऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचा ४०० वर. (कीबोर्डवरच्या दोन लगतच्या सुरांमध्ये १०० सेंट.) चौदा सेंटचा फरक म्हणजे फार नाही, पण लांबवलेल्या सुरावर कान तयार झालेल्या माणसाला खुपतो. स्ट्रिंगचा आवाज कमी करा, किंवा कॉर्डमधून गंधार काढून सा-प ठेवा. गंधार गाणाऱ्याचा गाणाऱ्यालाच लावू द्या.

आवाज गायब, आवाज उशिरा, आवाज घुंऽऽ

घरी छान वाजलेला ट्रॅक मांडवात लावला आणि ढोलक-बेस गायब, कडेची खुळखुळ तेवढी शिल्लक. साऊंडवाला म्हणतो मोबाईल खराब, मोबाईलवाला म्हणतो मिक्सर खराब. दोन्ही ठणठणीत असतात. मोबाईलच्या स्टिरिओ वायरची एकच जाड पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो छिद्रात गेली की डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात. मधोमध ठेवलेली वाद्यं, म्हणजे नेमका ठेका आणि बेस, पुसली जातात. एका बाजूला मोबाईलची बारीक पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली वायर घ्या, दोन चॅनलमध्ये घाला. हल्लीच्या अनेक मोबाईलना बारीक पिनेचं छिद्रच नसतं, म्हणून टाईप-सी चा जोडही पिशवीत असू द्या.

ब्लूटूथ स्पीकरवर नुसता ठेका वाजवून सगळे तोच ऐकत गाणार असतील तर काही अडत नाही. अडतं ते स्वतःचा कीबोर्ड ब्लूटूथवरून ऐकताना, किंवा अर्ध्या लोकांना मोबाईलचा आणि अर्ध्यांना स्पीकरचा आवाज येत असताना. ब्लूटूथला साधारण २०० मिलिसेकंद उशीर लागू शकतो. हवेतून आवाज तेवढ्या वेळात सत्तर मीटर जातो. म्हणजे तबलजीला मांडवाबाहेर, पार पारावर बसवून त्याच्याशी सम गाठण्याचा प्रकार. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तो उशीर अर्ध्या मात्रेच्या जवळ जातो. वायर लावा.

लॅपटॉपमधून घुंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा लगेच थांबतो. मग कार्यक्रमभर बॅटरीवर चालवा, किंवा साऊंडवाल्याकडून डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची, घुंऽऽ तोडणारी डबी) मागा.

ठेक्याचा तुकडा स्वतः कापून फिरवत ठेवला आणि दर आवर्तनाला गचका बसायला लागला, तर फाईल एमपी३ आहे का बघा. त्या प्रकारात फाईलच्या टोकांना किंचित शांतता आपोआप चिकटते. वेव्ह फाईल करा.

मोबाईल विमान मोडवर टाका. ऐन गजरात कुणाच्या तरी मामाचा फोन येऊन तबल्याऐवजी रिंगटोन घुमते, हे मराठवाड्यात आता लोककलेत मोजावं इतकं झालंय. आणि तो उन्हात ठेवू नका. तापला की स्वतःच बंद पडतो.

थांबायचं कुठं

कॉर्डचं सॉफ्टवेअर गाण्याची किती वळणं वाजवायची ते आधीच ठरवून बसतं. गायकाला ‘वन्स मोअर’ मिळाला तरी ते शेवटचा बार वाजवून मोकळं. कीर्तनात तर महाराज एकाच चरणावर अडून राहतात, लोक डुलायला लागले की लय चढवतात, मधेच दृष्टांत सांगायला थांबतात. म्हणून अख्खं गाणं एका सलग फाईलमध्ये बांधू नका. मुखडा, अंतरा आणि शेवट असे तुकडे करा, मुखड्याचा तुकडा फिरता ठेवा, आणि बटणावर एक माणूस बसवा जो गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत असेल. तो मोबाईलमध्ये बघत बसला तर त्याला बदला. लय चढवायची तर पाच-पाचनं नको, एक-दोननं चढवा, नाहीतर टाळकऱ्यांना धक्का बसतो.

गोंधळ आणि भारूड यांना मात्र हे काही लावू नका. संबळ गोंधळ्याच्या बोलण्याशी बोलतं, आख्यान तापेल तसं तापतं, त्याला ठरलेला आकडा देता येत नाही. नाथषष्ठीला पैठणला भारूड बघा. सोंग घेतलेला माणूस समोरच्या बाईला काहीतरी विचारतो, ती उत्तर देते, लोक हसतात, आणि हसणं ओसरेपर्यंत पखवाजवाला हात वर धरून बसतो. असा थांबणारा पखवाजवाला गावात नसेल तर नुसत्या टाळांवर करा.