जाता-येता दोन्ही दिशांनी फिरता येणारा सेट कसा बांधावा

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर १७ स्थानके आहेत : पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरवाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि लोणावळा. ही नावे प्रोग्रॅममध्ये साठवताना तीन गोष्टी हव्या असतात. एकच नाव दोनदा येता कामा नये, एखादे नाव यादीत आहे की नाही हे ताबडतोब कळले पाहिजे, आणि जाताना पुण्यापासून व येताना लोणावळ्यापासून त्याच यादीवरून फिरता आले पाहिजे. साधा हॅश सेट, म्हणजे घटकावरून काढलेल्या आकड्याने त्याची जागा ठरवणारा आणि प्रत्येक घटक एकदाच ठेवणारा संच, पहिल्या दोन गरजा उत्तम भागवतो, पण तिसरीपुढे तो थांबतो, कारण त्याच्या घटकांना भरवशाचा क्रमच नसतो. जिथे क्रम नाही, तिथे उलट क्रम या शब्दालाही अर्थ उरत नाही.

म्हणून कोडला हात घालण्यापूर्वी आपल्याला कोणता क्रम हवा आहे हे ठरवावे. क्रमवारी लावून ठेवणारा सेट निवडला, तर वरची नावे युनिकोडनुसार (म्हणजे संगणकात अक्षरांना दिलेल्या क्रमांकांनुसार) आकुर्डी, कान्हे, कामशेत, कासारवाडी, खडकी अशी लागतील. ती यादी दोन्ही दिशांनी वाचता येईल, पण त्या क्रमाने गाडी कुठेच जात नाही. आपल्याला हवा आहे तो घटक घातल्याचा क्रम. याउलट गाड्या सुटण्याच्या वेळा साठवायच्या असतील, तर क्रमवारीचा सेटच योग्य, कारण तिथे आत्ताच्या वेळेनंतरची पहिली गाडी आणि आधीची शेवटची गाडी हेच प्रश्न विचारले जातात. या लेखात घातल्याच्या क्रमाचा सेट बांधू.

त्याची रचना दोन भागांची आहे. एक हॅश टेबल, ज्यात प्रत्येक नावासमोर त्या नावाच्या नोडचा, म्हणजे ते नाव ठेवलेल्या कप्प्याचा, पत्ता असतो. आणि एक दुहेरी लिंक्ड लिस्ट, जिच्या प्रत्येक नोडला आपला मागचा आणि पुढचा नोड ठाऊक असतो. शोधण्याचे काम टेबल करते, फिरण्याचे काम लिस्ट करते. याची किंमत जागेत मोजावी लागते : ६४ बिटांच्या यंत्रावर प्रत्येक घटकामागे शेजाऱ्यांचे पत्ते ठेवणारे दोन पॉइंटर म्हणजे १६ बाइट जास्त लागतात, दहा लाख घटकांसाठी सुमारे १६ एमबी. घटक फक्त १७ असतील आणि कधीच बदलणार नसतील, तर साधा अ‍ॅरे (सलग घरांची यादी) पुरेसा आहे, हे मी विद्यार्थ्यांना आधीच सांगतो. घटक हजारोंनी असतील आणि मधूनच काढावे-घालावे लागत असतील, तेव्हा मात्र या मेहनतीचे चीज होते.

लिस्टमध्ये सुरुवातीलाच एक रिकामा नोड ठेवावा. त्याला सेंटिनल म्हणतात. आपण त्याला 'सीमा' म्हणू. सीमेचा पुढचा म्हणजे पहिला घटक आणि सीमेचा मागचा म्हणजे शेवटचा घटक. सेट रिकामा असताना सीमेचे दोन्ही हात, म्हणजे मागच्या आणि पुढच्या नोडचे पत्ते, तिच्याकडेच वळलेले असतात. या एका नोडमुळे 'यादी रिकामी असेल तर', 'हा पहिलाच असेल तर' अशा सगळ्या अटी गळून पडतात, आणि दुहेरी लिस्टमधल्या बहुतेक चुका नेमक्या या अटींमध्येच दडलेल्या असतात.

नवे नाव घालताना ते टेबलमध्ये आधीच आहे का हे पाहावे. असेल तर काहीही न करता परतावे, म्हणजे त्याची जुनी जागा कायम राहते. नसेल तर नोड तयार करून त्याला शेवटी असे जोडावे :

नवा.मागचा = सीमा.मागचा
नवा.पुढचा = सीमा
सीमा.मागचा.पुढचा = नवा
सीमा.मागचा = नवा

यानंतर टेबलमध्ये नावासमोर नव्या नोडचा पत्ता लिहावा.

शेवटच्या दोन ओळींचा क्रम बदलता येत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती सापडायला मला एक अख्खी दुपार लागली, म्हणून ती इथे उलगडून सांगतो. चौथी ओळ आधी चालवली, तर सीमेचा मागचा म्हणजे नवा नोडच झालेला असतो. मग तिसरी ओळ नव्या नोडचा पुढचा हात त्याच्या स्वतःकडेच वळवते. परिणाम विलक्षण दिसतो. मागचे हात सगळे बरोबर असल्यामुळे उलट फेरीत लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत सतराही नावे व्यवस्थित छापली जातात, पण सीमेचा पुढचा हात कधीच बदललेला नसल्यामुळे पुण्यापासूनच्या सुलट फेरीत एकही नाव येत नाही. टेबलमध्ये नावे असतात, घटकांची संख्याही १७ येते, आणि तरीही सेट रिकामा वाटतो. ज्याने फक्त उलट फेरी तपासली, त्याला ही चूक दिसणारच नाही.

घटक काढताना टेबलमधून त्याचा नोड मिळवावा आणि दोनच ओळी लिहाव्यात :

नोड.मागचा.पुढचा = नोड.पुढचा
नोड.पुढचा.मागचा = नोड.मागचा

मग टेबलमधली नोंद पुसावी. घटक पहिला असो, मधला असो की शेवटचा, काम तेवढेच आणि सरासरी स्थिर वेळेत होते. अ‍ॅरेमधून मधला घटक काढला, तर पुढचे सगळे एकेक घर सरकवावे लागतात. इथे फक्त शेजाऱ्यांचे हात जुळवावे लागतात. फिरता फिरता घटक काढायचा असेल, तर काढण्यापूर्वी आपण ज्या दिशेने चाललो आहोत त्या दिशेचा शेजारी बाजूला लिहून ठेवावा. उलट फेरीत 'पुढचा' जपून उपयोग नाही, 'मागचा' जपावा लागतो. सुलट फेरीचे कोड उचलून उलट फेरीत चिकटवले की हीच जागा हटकून विसरली जाते.

मराठी नावांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. 'देहूरोड' आणि 'देहू रोड', 'तळेगाव' आणि 'तळेगांव' या जोड्या वाचणाऱ्याला एकच वाटतात, पण सेटच्या दृष्टीने ते वेगवेगळे घटक आहेत. 'ऱ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येते आणि 'र' खाली नुक्ता देऊनही, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसू शकतात. त्यामुळे टेबलकडे जाण्यापूर्वी प्रत्येक नाव एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक, एकसारख्या रूपात आणावे, कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात, आणि लेखनभेदांसाठी प्रमाण नावांचा छोटा तक्ता ठेवावा, कारण तळेगाववरचा अनुस्वार एनएफसी काढून देणार नाही.

आता फिरण्याकडे वळू. सीमेपासून निघून पुन्हा सीमा येईपर्यंत 'पुढचा' घेत गेले की सुलट फेरी होते आणि 'मागचा' घेत गेले की उलट फेरी. खरा प्रश्न येतो तो मध्येच दिशा बदलताना. समजा, इटरेटरने, म्हणजे यादीतून फिरत एकेक घटक देणाऱ्या खुणेने, नुकतेच 'चिंचवड' दिले आणि आपण त्याला मागे जायला सांगितले. त्याने पिंपरी द्यावे की पुन्हा चिंचवड? दोन्ही उत्तरांना आधार आहे. सी प्लस प्लसच्या सेटचा इटरेटर घटकावर उभा असतो, म्हणून आपल्या यादीवर तसाच इटरेटर ठेवला, तर एक पाऊल मागे टाकले की पिंपरी येते. जावाच्या लिस्ट इटरेटरची खूण दोन घटकांच्या मधल्या फटीत असते. ती चिंचवड ओलांडून आलेली असते, म्हणून मागे फिरताना चिंचवड पुन्हा ओलांडते. प्रवासी नेहमी कुठल्या तरी स्थानकावर असतो, त्यामुळे या कामासाठी मी घटकावर उभा राहणारा इटरेटर निवडतो. कोणताही निवडा, पण तो निर्णय कोडच्या माथ्यावर स्पष्ट लिहून ठेवा.

टेबल नोडचा पत्ता देते, त्यामुळे फेरी टोकापासूनच सुरू करण्याची सक्ती उरत नाही. 'तळेगाव' विचारले की नोड हाती येतो, आणि तिथून वडगावकडे किंवा घोरवाडीकडे थेट निघता येते. स्वतः बांधलेल्या सेटचा मला हाच सर्वांत मोठा फायदा वाटतो. जावाच्या लिंक्ड हॅश सेटमध्ये आत दुहेरी लिस्ट पहिल्यापासून होती, पण उलट फिरण्याची सोय २०२३ साली जावा २१ मध्ये 'रिव्हर्स्ड' आल्यावर मिळाली, आणि मधल्या घटकापासून फेरी सुरू करण्याची सोय त्यात आजही नाही. 'रिव्हर्स्ड' नवी प्रत करत नाही, त्याच सेटकडे उलट्या बाजूने पाहते. म्हणून मूळ सेटमधून नाव काढले की ते उलट रूपातूनही जाते. क्रमवारीच्या ट्री सेटला मात्र उलट फेरी २००६ च्या जावा ६ पासूनच मिळते. पायथनच्या सेटला क्रम नाही, पण डिक्शनरी ३.७ पासून घातल्याचा क्रम हमखास पाळते आणि ३.८ पासून उलटही वाचता येते, त्यामुळे नावे 'की' (नोंद शोधण्याची खूण) म्हणून ठेवून तिच्याकडून सेटचे काम करून घेता येते.

बांधून झाल्यावर चाचणी घ्यावी. सतरा नावे घाला, सुलट फेरीची यादी करा, उलट फेरीची यादी करून ती पलटा. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत आणि त्यांची लांबी टेबलमधल्या नोंदींइतकी असली पाहिजे. मग पुणे काढा, लोणावळा काढा, मधले कान्हे काढा, कान्हे पुन्हा घालून ते शेवटी आले का ते पाहा, आणि अखेरीस एकच नाव उरेपर्यंत काढत जाऊन तेही काढा. प्रत्येक पावलानंतर दोन्ही फेऱ्यांची तुलना करा. सगळे काढून झाल्यावर सीमेचे दोन्ही हात पुन्हा तिच्याकडेच वळलेले दिसले पाहिजेत.