कांद्याचे भाव आणि रिकामे रकाने

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटच्या भावांचा अंदाज सांगणारं संगणकी मॉडेल बांधायला आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी आधी हेच सांगते: रिकामे रकाने भरायची घाई करू नकोस, ते रिकामे का आहेत ते शोध. सुट्टीमुळे नोंद नाही, ही एक गोष्ट. पण पावसाने घाटावरच्या गाड्या अडकल्या म्हणून नोंद नसेल, तर ती रिकामी जागाच भावाबद्दल काहीतरी सांगत असते. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली हा भेद मांडला. मला तो कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा मोलाचा वाटतो.

म्हणून शेजारी ‘नोंद होती का’ असा ०-१ चा रकाना जोड, मगच मध्यकाने भर. मध्यक फक्त ट्रेनिंगच्या, म्हणजे मॉडेल ज्यावरून शिकतं त्या, डेटावरून काढायचा.

क्विंटलच्या रकान्यात कुणी किलोचा भाव टाकला की २,००० च्या जागी २० दिसतात. शंभरने गुणून आजूबाजूच्या दिवसांशी जुळतंय का बघ, नाहीतर तो आकडा रिकामा ठेव. टोकाचे आकडे सरसकट उडवू मात्र नकोस! डिसेंबर २०१९ मध्ये किरकोळ कांदा खरोखरच शंभर रुपये किलोच्या वर गेला होता, आणि शेतकऱ्याला-ग्राहकाला नेमका तोच काळ कळायला हवा असतो. मॉडेलची चूक मोजायला ‘ह्यूबर लॉस’ हे सूत्र वापर. मोठ्या चुकीला ते पुन्हा तिनेच गुणत नाही (वर्ग करत नाही), म्हणून एखादा टोकाचा आकडा सगळं मॉडेल ओढून नेत नाही.

मॉडेलची तपासणी ट्रेनिंगनंतरच्या तारखांवरच, म्हणजे टेस्टच्या डेटावर. टेस्टमधले १०, २०, ३० टक्के आकडे मुद्दाम पुस, तेही सलग दिवसांचे, कारण पावसाळ्यात नोंदी तशाच जातात. चूक एकदम उसळली, तर मॉडेल कुठल्या एका रकान्यावर टेकलंय ते शोध.