'ऑलरेडी', 'येट', 'सिन्स': इंग्रजीतील पूर्ण काळ आणि क्रियाविशेषणे यांची सांगड कशी घालावी

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांना इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाची रचना पाठ असते: 'हॅव' किंवा 'हॅज' आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप. अडचण येते ती हे रूप कुठे वापरायचे हे ठरवताना, कारण तिथे आपण नकळत मराठी वाक्याच्या शेवटाकडे पाहतो. शेवटी 'आहे' असेल तर 'हॅव' आणि 'होता' असेल तर 'हॅड', हा हिशोब सोपा असला तरी तो अनेकदा चुकतो. इंग्रजीत काळाची निवड बऱ्याच अंशी वाक्यातील वेळ सांगणाऱ्या शब्दावर ठरते, म्हणून क्रियापदाआधी तो शब्द हाती घ्यावा.

पहिली पायरी: वेळ संपली आहे का, ते पाहा

वाक्यात 'येस्टरडे', 'लास्ट इयर', 'इन 2019' किंवा 'टू डेज अगो' यांसारखी संपलेली, ठरावीक वेळ असेल, तर साधा भूतकाळच वापरावा. मराठीत 'पाहुणे कालच आले आहेत' हे निर्दोष वाक्य आहे. त्यातील 'आहेत' पाहुणे सध्या घरात असल्याचे सांगतो आणि 'काल' हा शब्द त्याच्या आड येत नाही. इंग्रजीत मात्र 'द गेस्ट्स हॅव कम येस्टरडे' चालत नाही. येण्याची वेळ महत्त्वाची असेल तर 'द गेस्ट्स केम येस्टरडे' म्हणावे, आणि आल्याचेच महत्त्व असेल तर वेळ गाळून 'द गेस्ट्स हॅव अराइव्ड' म्हणावे. 'व्हेन' ने सुरू होणाऱ्या साध्या प्रश्नालाही हाच नियम लागतो: 'व्हेन हॅव यू कम?' नव्हे, 'व्हेन डिड यू कम?'

'धिस मॉर्निंग', 'धिस वीक', 'टुडे' हे शब्द दोन्हीकडे चालतात, आणि निवड बोलण्याच्या क्षणावर अवलंबून राहते. सकाळी 10 वाजता 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' योग्य आहे, कारण सकाळ अजून सरलेली नाही. दुपारी 3 वाजता तीच गोष्ट 'आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' अशी सांगावी लागते. 'सो फार', 'लेटली' आणि 'रीसेंटली' यांच्यासोबत पूर्ण काळ सहज बसतो. त्यांपैकी 'रीसेंटली' साध्या भूतकाळातही येतो.

दुसरी पायरी: 'पासून' चे दोन भाग करा

मराठी माणसाची सर्वाधिक गफलत इथे होते, असे माझे मत आहे. 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' या दोन्हींत आपला प्रत्यय एकच असतो. इंग्रजी मात्र सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स' आणि कालावधीची लांबी असेल तर 'फॉर' वापरते: 'सिन्स मंडे', 'सिन्स 2021', पण 'फॉर थ्री इयर्स'. शिवाय 'मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतो आहे' यात आपण वर्तमानकाळ योजतो, त्यामुळे 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स' असे वाक्य तयार होते आणि त्यात एकदम दोन चुका पडतात. योग्य वाक्य 'आय हॅव लिव्ड इन पुणे फॉर थ्री इयर्स' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर थ्री इयर्स' असे होते. मुलाखतीत नोकरीचा अनुभव सांगताना ही रचना हटकून लागते, म्हणून ती स्वतःच्या माहितीसह मोठ्याने म्हणून तोंडात बसवावी.

'फॉर' दिसला म्हणजे पूर्ण काळ आलाच, असे मात्र समजू नये. 'आय लिव्ह्ड इन पुणे फॉर थ्री इयर्स' हेही शुद्ध आहे. त्याचा अर्थ आता आपण पुण्यात राहत नाही, असा होतो.

तिसरी पायरी: शब्दाची जागा ठरवा

'ऑलरेडी', 'जस्ट', 'एव्हर', 'नेव्हर', 'ऑलवेज' हे शब्द सहसा पहिल्या सहायक क्रियापदानंतर येतात: 'आय हॅव ऑलरेडी सेंट द मेल', 'शी हॅज नेव्हर सीन रायगड'. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये त्यांना घुसवू नये. 'आय हॅव सेंट ऑलरेडी द मेल' हे कानाला खटकते. कर्मणी रचनेत दोन सहायक क्रियापदे असली तरी 'ऑलरेडी' पहिल्याच्या मागोमाग बसतो: 'द रिपोर्ट हॅज ऑलरेडी बीन सेंट'. क्रिया कशी झाली हे सांगणारा शब्द मात्र मुख्य क्रियापदाला चिकटून राहतो: 'द रोड हॅज बीन बॅडली डॅमेज्ड'. थोडक्यात उत्तर देताना मुख्य क्रियापद गळले, की क्रम उलटतो आणि 'नो, आय नेव्हर हॅव' असे म्हटले जाते.

चौथी पायरी: 'अजून' मागचा भाव ओळखा

'पत्र अजून आले नाही' या वाक्यात नुसती माहिती असू शकते किंवा वैतागही असू शकतो, आणि मराठीत तो फरक आवाजावरून कळतो. इंग्रजीत तो शब्दातच येतो. 'द लेटर हॅज नॉट कम येट' यात पत्र येण्याची अपेक्षा आहे, आणि 'येट' इथे वाक्याच्या शेवटी बसतो. 'द लेटर स्टिल हॅज नॉट कम' यात एव्हाना ते यायला हवे होते, ही तक्रार आहे. इथे 'स्टिल' नकारार्थी सहायक क्रियापदाच्या आधी येतो. प्रश्नातही असाच भेद आहे. 'हॅव यू फिनिश्ड येट?' ही साधी विचारणा आहे, तर 'हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?' यात इतक्यात झाले कसे, हे आश्चर्य आहे.

अमेरिकेत 'आय ऑलरेडी एट' किंवा 'ही जस्ट लेफ्ट' असे साध्या भूतकाळात सर्रास म्हणतात, त्यामुळे तिथल्या सहकाऱ्याचे असे वाक्य चूक समजू नये.

पाचवी पायरी: 'हॅड' जपून वापरा

'मी काल नाशिकला गेलो होतो' याचे इंग्रजी 'आय वेंट टू नाशिक येस्टरडे' इतकेच आहे. 'आय हॅड गॉन' म्हटले, की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहतो. भूतकाळातील एका क्षणाच्या आधी काय होऊन गेले हे सांगायचे असेल, तेव्हा 'हॅड' आवश्यक ठरतो: 'बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड ऑलरेडी लेफ्ट.' हाच 'बाय' भविष्याकडे वळला, की 'विल हॅव' येतो: 'आय विल हॅव फिनिश्ड द वर्क बाय मंडे.'

आता हे सारे बँकेला लिहिलेल्या एका अर्जात पाहू: 'आय अप्लाइड फॉर अ न्यू पासबुक ऑन 3 जून. आय हॅव व्हिजिटेड द ब्रांच ट्वाइस सिन्स देन. माय फॉर्म हॅज ऑलरेडी बीन व्हेरिफाइड, बट आय स्टिल हॅव नॉट रिसीव्ड द पासबुक.' पहिल्या वाक्यात तारीख आहे, म्हणून साधा भूतकाळ आला. 'सिन्स देन' ने 3 जूनपासून आजपर्यंतचा काळ जोडला, म्हणून तिथून पुढे 'हॅव' आणि 'हॅज' आले. शेवटच्या वाक्यात 'स्टिल' च्या जागी अखेरीस 'येट' घातला, तर अर्ज व्याकरणाने तितकाच शुद्ध राहील, फक्त त्यातील तक्रारीचा सूर सौम्य होईल.